टाकाऊ, हरित आणि निर्मूलन : एका संशोधनभाषेची चिकित्सा

शास्त्रीय निबंधाची परीक्षा करण्याचा अधिकार शास्त्रज्ञाचाच, असा सर्वसाधारण समज आहे. प्रयोगापुरता तो रास्तही आहे. परंतु प्रयोग शब्दांत मांडला गेला की त्या शब्दांची तपासणी करण्याचा अधिकार भाषेच्या अभ्यासकासही पोहोचतो. कोणत्या वस्तूला कोणते नाव दिले, त्या नावाने काय दाखविले आणि काय झाकले, हा प्रश्न भाषाशास्त्राचा आहे. प्रस्तुत लेखात ज्या निबंधवर्गाचा विचार करावयाचा आहे, त्याचा विषय असा : वनस्पतिजन्य टाकाऊ पदार्थांपासून चुंबकीय अब्जांश द्रव्ये तयार करणे व त्यांच्या योगे सांडपाण्यातील रंजकद्रव्यांचे निर्मूलन करणे. गेल्या दोन दशकांत या विषयावर जगभर विपुल लेखन झाले असून आपल्याकडील विज्ञान-महाविद्यालयांतही तो आवडीचा विषय ठरला आहे. द्राक्ष, कांदा, ऊस व डाळिंब यांच्या या जिल्ह्यात तो जिव्हाळ्याचा वाटावा, हे स्वाभाविकच होय.

प्रथम या कृतीचे स्वरूप थोडक्यात पाहू. फळांच्या साली, टरफले, चोथा किंवा काड्या वाळवून दळतात. त्यानंतर दोन वाटा फुटतात. एकीत हा भुगा हवेच्या अभावी तापवून त्याचा कोळसा करतात व त्यावर लोहाचे कण बसवितात. दुसरीत सालींचा काढा करून तो लोहाच्या क्षारांच्या द्रावणात मिसळतात. दोन्हींत जो लोहयुक्त पदार्थ हवा असतो तो बहुधा मॅग्नेटाइट, म्हणजे तीन अणू लोह व चार अणू ऑक्सिजन यांचे काळे ऑक्साइड. त्याचे कण दहा-वीस नॅनोमीटर इतके लहान झाले म्हणजे ते चुंबकाजवळ ओढले जातात, पण चुंबक दूर करताच त्यांचे चुंबकत्व लोपते व ते परस्परांना चिकटून राहत नाहीत. अशी भुकटी रंगीत पाण्यात ढवळली असता रंजकाचे रेणू तिच्या पृष्ठावर बसतात, आणि मग बाहेरून चुंबक लावून ती रंगासह एका बाजूस ओढून घेता येते. साध्या कोळशाची बारीक पूड पाण्यातून गाळून काढणे किती जिकिरीचे असते, हे ज्यांस ठाऊक आहे त्यांस या युक्तीचे मोल सांगावयास नको. कल्पना मुळात चांगली आहे. पुढील टीका तिच्यावर नसून ती ज्या भाषेत मांडली जाते त्या भाषेवर आहे.

१. दोन चांगले शब्द

या निबंधांच्या परिभाषेत मराठीला अभिमान वाटावा असे शब्द आहेत, हे आधी नमूद करणे न्याय्य होईल. ‘नॅनो’ हे पद ग्रीक भाषेतील ‘बुटका’ या अर्थाच्या शब्दावरून आले व १९६० साली आंतरराष्ट्रीय मापनपद्धतीत ते एक-अब्जांशाचा वाचक म्हणून स्वीकारले गेले. मूळ शब्द केवळ लहानपणा सांगतो. मराठी ‘अब्जांश’ मात्र नेमके माप सांगतो. शंभर कोटी म्हणजे अब्ज, आणि त्याचा एक अंश तो अब्जांश. येथे मराठी शब्द मूळ शब्दाहून अधिक काटेकोर आहे.

दुसरा शब्द ‘अधिशोषण’. स्पंज पाणी पितो ते शोषण. कोळशाच्या पृष्ठावर रंगाचा थर बसतो ते अधिशोषण. ‘अधि’ या उपसर्गातील ‘वर’ हा अर्थ येथे अचूक उपयोगी पडला आहे. वाचकास तो उपसर्ग अपरिचित वाटेल अशी शंका असेल, तर ‘पृष्ठशोषण’ असेही म्हणता येते. सारांश, परिभाषा घडविण्याची ताकद मराठीत नाही अशी तक्रार या क्षेत्रापुरती तरी टिकत नाही. अडचण पारिभाषिक शब्दांची नाही. ती आहे परिभाषेच्या आजूबाजूस वावरणाऱ्या, साध्या वाटणाऱ्या विशेषणांची व क्रियावाचक नामांची. ‘टाकाऊ’, ‘हरित’ व ‘निर्मूलन’ ही त्यांतील प्रमुख होत.

२. ‘टाकाऊ’ कोणाला?

‘शेतीतील टाकाऊ पदार्थ’ हा शब्दसमूह भाषांतराने आलेला आहे. तो शेतकऱ्याच्या तोंडी नाही. शेतकऱ्याच्या भाषेत या सर्वांस मिळून एकच नाव असल्याचे दिसत नाही. प्रत्येक पिकाच्या अवशेषास स्वतंत्र नाव आहे. ज्वारीचा तो कडबा, गव्हाचा भुसा, भाताचे तूस, तुरीच्या तुराट्या, कपाशीच्या पऱ्हाट्या, उसाचे पाचट व चिपाड, भुईमुगाची टरफले, तेलबियांची पेंड. ही नावे निरनिराळी का राहिली याचे कारण उघड आहे. त्यांचे उपयोग निरनिराळे आहेत. कडबा व पेंड जनावरांची, तुराट्या कुडाच्या व कुंपणाच्या, पऱ्हाट्या चुलीच्या, तूस विटभट्टीचे, पाचट शेतातच कुजविले तर जमिनीचे. साखर कारखान्यात चिपाड बाष्पकांत जळते व त्यावर वीजही तयार होते. नाशिकच्या द्राक्षबागांत एप्रिलची खरड छाटणी व ऑक्टोबरची गोडी छाटणी झाली म्हणजे काड्यांचे ढीग पडतात. त्यांचेही काही ठिकाणी जळण होते, काही ठिकाणी भुगा करून वेलींच्या बुडाशी पसरतात.

भाषेच्या दृष्टीने येथे काय घडते ते पाहण्यासारखे आहे. ‘टाकाऊ’ हे विशेषण वस्तूचा गुण सांगत नाही. ते वस्तू व माणूस यांच्यातील संबंध सांगते. ‘टाकणे’ या क्रियेला कर्ता लागतो. कोणी टाकले, हे सांगितल्यावाचून ‘टाकाऊ’ हा शब्द अपुरा आहे. निबंधात तो कर्ता गळून पडतो आणि कडबा, तूस, चोथा ही सर्व मंडळी एकाच निनावी वर्गात जमा होतात. त्याबरोबर त्यांचे पूर्वीचे उपयोगही दिसेनासे होतात. हा केवळ शब्दाचा दोष असता तर सोडून देता आला असता. परंतु याच शब्दाच्या आधाराने पुढे खर्चाच्या हिशेबात कच्च्या मालाची किंमत शून्य धरली जाते. ज्या वस्तूचे आज जळण किंवा वैरण होते, तिची किंमत शून्य नाही. आणि प्रयोगशाळेबाहेर तिला मोठी मागणी आली तर ती मुळीच शून्य राहणार नाही. तूस कारखान्याकडे गेले तर विटभट्टीवाला काय जाळील, हा प्रश्न ‘टाकाऊ’ या शब्दाने विचारण्यापूर्वीच मिटविला जातो.

याउलट, काही अवशेष खरोखर नकोसे असतात. मद्यनिर्मितीनंतर उरणारा द्राक्षांचा ओला चोथा, किंवा लासलगावसारख्या मोठ्या बाजारपेठेत कांदा हाताळताना सुटणाऱ्या सालींचा पसारा, ही अशी उदाहरणे म्हणता येतील. म्हणून ‘टाकाऊ’ हा शब्द बाद करावा असे म्हणणे नाही. तो सिद्ध करून वापरावा, एवढेच म्हणणे आहे.

३. ‘हरित’ आणि हिराकस

मराठीत ‘हिरवा’ व ‘हरित’ हे दोन शब्द आता वेगवेगळी कामे करतात. मिरची हिरवी असते, क्रांती हरित असते. ‘हिरवा’ रंग सांगतो; ‘हरित’ प्रशस्ती करतो. ‘हरित रसायनशास्त्रा’ची बारा तत्त्वे अनास्टास व वॉर्नर यांनी १९९८ साली ग्रंथरूपाने मांडली, तेव्हा त्या शब्दामागे कसोट्यांची एक यादी होती : कचरा मुळातच होऊ न देणे, विषारी द्रव्ये टाळणे, ऊर्जा वाचविणे इत्यादी. प्रस्तुत निबंधवर्गात मात्र कृतीत एखादा वनस्पतींचा काढा आला की ती ‘हरित’ ठरते. विशेषण राहिले, कसोट्या मागे पडल्या.

यासंबंधी एक साधा हिशेब उपयुक्त ठरेल. मॅग्नेटाइट तयार करण्याची रूढ रीत म्हणजे एका भागास दोन भाग या प्रमाणात द्विसंयुजी व त्रिसंयुजी लोहाचे क्षार घेऊन त्यांत अल्कली ओतणे. रासायनिक समीकरणानुसार मॅग्नेटाइटच्या एका रेणूस हायड्रॉक्साइडचे आठ रेणूभार लागतात. कॉस्टिक सोडा वापरला तर २३१.५ ग्रॅम मॅग्नेटाइटसाठी ३२० ग्रॅम सोडा, म्हणजे किलोमागे सुमारे १.४ किलो. लोहाचे क्लोराइड वापरले असेल तर धुवणाच्या पाण्यातून किलोमागे सुमारे २ किलो मीठ बाहेर पडते. काढा घातला म्हणून हे प्रमाण बदलत नाही. कण घडविण्याचे मुख्य काम अल्कलीच करते, काढ्यातील द्रव्ये कणांभोवती आवरण धरतात. ते आवरण उपयुक्त असेलही. पण ‘सालींपासून तयार केलेले’ हे वर्णन अशा वेळी वस्तुस्थितीपासून बरेच दूर जाते.

काही निबंधांत अल्कली नसते. केवळ काढा व लोहक्षार यांचे मिश्रण काळे पडते व त्या काळेपणावरून शून्यसंयुजी लोहाचे अब्जांश कण तयार झाले असा निष्कर्ष काढला जातो. येथे मराठी शब्दसंग्रहाने आपणांस सावध करावयास हवे होते. मोल्सवर्थच्या कोशात ‘हिराकस’ हा शब्द आहे. ते लोहाचे सल्फेट, हिरवट स्फटिकांचे. हिराकस व हिरडा यांच्या संयोगाने कापडाला काळा रंग देण्याची आणि शाई करण्याची रीत आपल्या रंगाऱ्यांना शतकानुशतके ठाऊक आहे. हिरड्यातील टॅनिन व लोह यांचे काळे संयुग बनते; त्यास धातुरूप लोह म्हणता येत नाही. डाळिंबाची साल, चहाची पाने, बाभळीची साल यांतही याच कुळातील द्रव्ये आहेत. तेव्हा लोहक्षारात सालीचा काढा घातल्यावर मिश्रण काळे पडले, तर पहिली शंका शाईची यावयास हवी. २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासांत नेमके हेच दाखविण्यात आले : वनस्पतींच्या काढ्याने केलेले कित्येक ‘लोहकण’ वस्तुतः लोह व पॉलिफेनॉल यांची संयुगे होती. लोहाच्या आयनाला धातुरूपापर्यंत उतरविण्याइतके बळ त्या काढ्यांत सहसा नसते.

ज्या भाषेत हिराकस, हिरडा, तुरटी, आल, मंजिष्ठ, पतंग, नीळ हे शब्द एका चालत्या विद्येचे घटक होते, जिच्या समाजात रंगारी व निराळी या त्या विद्येवर जगणाऱ्या जातीच होत्या, त्या भाषेच्या विद्यार्थ्याला ‘फेरस सल्फेट’ व ‘फायटोकेमिकल’ एवढेच शिकविले, तर नव्या प्रयोगातील जुनी वस्तू त्याला ओळखू येत नाही. परिभाषा घडविताना आपण इंग्रजी शब्दास संस्कृत प्रतिशब्द देण्याची दक्षता घेतली. धंद्यातील शब्द मात्र कोशाबाहेर राहू दिले. १९६० साली स्थापन झालेल्या भाषा संचालनालयाने परिभाषेचे मोठे काम केले, त्याचे ऋण मान्य करूनही हे म्हणावे लागते. प्रयोगशाळेतील बाटलीवर ‘हिराकस’ हा शब्द राहिला असता, तर शाईची आठवणही राहिली असती.

आणखी एक गोष्ट ध्यानात घेण्याजोगी आहे. कांद्याच्या सालीत क्वेर्सेटिन नावाचे पिवळे द्रव्य असते व त्या सालींनी लोकर व रेशीम रंगविता येते. जी साल रंग देते तीच रंग काढण्यासाठी वापरावयाची, यात विसंगती नाही. पण मग सालीचाच रंग पाण्यात किती उतरतो, हे मोजून सांगणे अगत्याचे ठरते. ‘टाकाऊ’ म्हटल्यामुळे सालीला स्वतःचे काही गुणधर्म आहेत याचाच विसर पडतो.

४. ‘निर्मूलन’ की स्थलांतर?

‘निर्मूलन’ म्हणजे मुळासकट नाहीसे करणे. देवीच्या रोगाचे निर्मूलन झाल्याचे जागतिक आरोग्य संघटनेने १९८० साली जाहीर केले, तेव्हा हा शब्द त्याच्या पूर्ण अर्थाने सार्थ झाला. अधिशोषणात रंजकद्रव्य नष्ट होत नाही. ते पाण्यातून निघून भुकटीवर जाते. येथे ‘निर्मूलन’ म्हणणे हे अर्थाच्या दृष्टीने अशुद्ध आहे. ‘निष्कासन’ किंवा साध्या मराठीत ‘पाण्यातून काढणे’ हे पुरेसे व खरे आहे.

शब्दभेदाने काय साधते ते एका कल्पित उदाहरणाने स्पष्ट करता येईल. समजा, एक लाख लिटर पाणी आहे व त्यात लिटरला ५० मिलिग्रॅम रंजक आहे. एकूण रंजक ५ किलो. भुकटीची धारणशक्ती ग्रॅमला १०० मिलिग्रॅम धरली व ती पूर्ण उपयोगात आली असे मानले, तरी ५० किलो भुकटी लागेल; आणि शेवटी हाती येईल ५५ किलो रंगीत गाळ. भुकटीचा निम्मा भाग मॅग्नेटाइट असेल तर तिच्या निर्मितीसाठी सुमारे ३५ किलो कॉस्टिक सोडा खर्च झाला व सुमारे ५० किलो मीठ पाण्यात गेले. भुकटी पाच वेळा वापरली तर हा भार पाचांत वाटला जाईल, हे खरे. पण पुन्हा वापरण्यासाठी ती आम्लाने, अल्कलीने किंवा अल्कोहोलाने धुवावी लागते आणि मग तो ५ किलो रंग त्या धुवणात उतरतो. ‘निर्मूलन’ हा शब्द वापरला की हे धुवण कोठे गेले, असे विचारण्याचे कारणच उरत नाही. ‘काढणे’ म्हटले की ‘काढून ठेवले कोठे?’ हा प्रश्न आपोआप येतो. सांडपाण्यावरील प्रक्रियेतून निघणारा रासायनिक गाळ २०१६ च्या नियमांनी घातक कचऱ्याच्या सूचीत घातला आहे, हे लक्षात घेता हा प्रश्न पंडिती नव्हे. साधी साल उकिरड्यावर कुजून खत झाली असती. तिच्यावर लोह व रंजक चढविल्यावर ती घातक कचरा ठरू शकते.

५. कोणते रंजक?

‘रंजक’ या शब्दाच्या मुळाशी संस्कृत ‘रञ्ज्’ धातू आहे. रंगणे व आसक्त होणे हे दोन्ही अर्थ त्याच्या पोटी आहेत. ‘अनुरक्त’ शब्द त्यातूनच आला. धाग्याला धरून राहते ते रंजक, ही त्याची कल्पना रसायनशास्त्रालाही मान्य व्हावी अशी आहे. जे धाग्याला धरीत नाही ते सांडपाण्यात जाते. म्हणून सांडपाण्याचा विचार करताना कोणता धागा व कोणते रंजक, हे आधी सांगितले पाहिजे.

प्रस्तुत निबंधवर्गातील फार मोठ्या भागात परीक्षणासाठी मिथिलीन ब्लू हे रंजक घेतलेले आढळते. १८७६ साली हाइनरिख कारो याने ते प्रथम तयार केले. सूक्ष्मदर्शकाखालील नमुने रंगविण्यास व औषधातही ते उपयोगी पडते. ते स्वस्त आहे, गडद आहे, त्याचे मापन सोपे आहे, आणि धनभारित असल्यामुळे वनस्पतिजन्य कोळशाच्या ऋणभारित पृष्ठावर चटकन बसते. परंतु आजच्या सुती कापडाच्या रंगाईत प्रामुख्याने वापरली जातात ती १९५६ पासून बाजारात आलेली अभिक्रियाशील रंजके. रेशमासाठी मुख्यतः आम्लरंजके. ही दोन्ही कुळे ऋणभारित आहेत. येवल्याच्या पैठणीचे रेशीम, सोलापूरची चादर, इचलकरंजीचे सूत यांचा प्रश्न मिथिलीन ब्लूने सुटत नाही. मालेगावच्या यंत्रमागांवरील बरेचसे कापड तर कोरेच बाहेर जाते व त्याला रंग अन्यत्र चढतो. म्हणजे तेथील विणकराचे पाणी व त्याच्या कापडाच्या रंगाचे पाणी ही दोन निरनिराळ्या गावांची दुखणी आहेत.

शिवाय सुताच्या गडद रंगाईत लिटरला ५० ग्रॅमहून अधिक मीठ घालावे लागते. प्रयोगशाळेतील ऊर्ध्वपातित पाण्यात विरघळविलेले मिथिलीन ब्लू आणि असे खारे, अल्कलीयुक्त, साबण व पेज मिसळलेले पाणी यांत काही साम्य असेल तर ते डोळ्यांना दिसणाऱ्या रंगापुरतेच. ऋणभारित रंजक भुकटीवर बसावे म्हणून पाणी आम्लधर्मी करावे, तर तीव्र आम्लात मॅग्नेटाइट विरघळू लागते व चुंबकाने ओढावयाचे ते लोहच पाण्यात जाते. ही अडचण गाठीशी धरून काम करणारे निबंध आहेत व ते आदरास पात्र आहेत. परंतु ‘रंजक’ हा जातिवाचक शब्द शीर्षकात घालून प्रयोग मात्र एका सोयीच्या व्यक्तीवर करण्याची रीत अधिक रूढ आहे. तर्कशास्त्रात यास अतिव्याप्ती म्हणतात.

६. उपसंहार

येथे कोणी असे म्हणेल की शीर्षकातील शब्द हे जाहिरातीपुरते असतात, जाणता वाचक कोष्टकेच पाहतो. हे मान्य करता येत नाही. कोष्टके पाहणारा वाचक मोजका. सारांश वाचणारे पुष्कळ. नगरपालिकेचा अधिकारी, रंगशाळेचा मालक, नदीकाठचा शेतकरी व पुढील वर्षी विषय निवडणारा विद्यार्थी हे सारांशच वाचतात. मराठी सारांश तर विशेषतः त्यांच्यासाठी लिहिला जातो. त्यात जर ‘निर्मूलन’ झाले असे लिहिले असेल, तर गोदावरीच्या किंवा पंचगंगेच्या काठचा माणूस तो शब्द त्याच्या मराठी अर्थानेच घेणार, आणि प्रश्न सुटला असे समजणार. शब्दाची ही जबाबदारी लेखकाला टाळता येत नाही.

म्हणून मराठी सारांश लिहिणाऱ्यांनी चार गोष्टी पाळाव्यात, असे सुचवावेसे वाटते. वनस्पतीच्या अवशेषाला त्याच्या गावातील नावाने संबोधावे व त्याचा आजचा उपयोग एका वाक्यात सांगावा. ‘हरित’ हे विशेषण लावण्यापूर्वी लागलेले अल्कली, पाणी व उष्णता यांचा हिशेब द्यावा. ‘निर्मूलन’ हा शब्द रंजकाचे विघटन सिद्ध झाले असेल तेव्हाच योजावा. एरवी ‘काढणे’ म्हणावे व काढलेला रंग कोठे गेला ते लिहावे. आणि रंजकाचे नाव, त्याचे कुळ व ज्या पाण्यात प्रयोग केला ते पाणी यांचा उल्लेख शीर्षकात नाही तरी पहिल्या परिच्छेदात करावा. याने निबंधाचे तेज कदाचित थोडे कमी होईल. परंतु चुंबकाने गाळ ओढून घेण्याच्या त्या मूळ कल्पनेतील खरा गुण वाचकास त्यामुळे अधिक स्पष्टपणे पारखता येईल. रसायनशास्त्र विभाग व मराठी विभाग यांनी एकत्र बसून असे दहा-वीस सारांश तपासून पाहिले, तर दोघांच्याही अध्यापनास त्याचा उपयोग होईल.